कुत्रा चावला, असं मी सांगितलं

कुंभवलीत आमच्या चाळीमागचा पडीक प्लॉट नव्या शेडसाठी सपाट करत होते. जेसीबीने झुडपं उपटली आणि त्या ढिगाऱ्यात मला मुंगसाची दोन पिल्लं सापडली. एक मेलेलं होतं. दुसरं बोटाएवढं, डोळे मिटलेलं. मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. नवरा म्हणाला, "कशाला गं?" पण ड्रॉपरने दूध पाजायला तोच बसला.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. तो एका केमिकल कंपनीत कंत्राटावर, मी पॅकिंगला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. चार महिन्यांत मुंगूस चांगलं हातभर झालं. अंडं पुढच्या पायांत धरून भिंतीवर आपटून फोडायचं, ते बघायला चाळीतली सगळी येत. मुलगी शाळेतून आली की तिच्या दप्तरात शिरायचं. असं जनावर पाळणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. मोबाइलवर वाचलं होतं. वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता, इतकंच.

एका रविवारी सकाळी मुलगी त्याला उकडलेलं अंडं भरवत होती. त्याने अर्धं खाल्लं. उरलेलं तिने गंमत म्हणून स्वतःच्या तोंडाजवळ नेलं. ते झेपावलं आणि तिच्या गालाला, कानाखाली, लोंबकळलं. मी ओढून काढलं तेव्हा माझे हात रक्ताने भरले होते. नवरा कामावर होता. मी मुंगूस खोक्यात कोंबलं, वर जाळी बांधली आणि पोरीला घेऊन रिक्षाने बोईसरला एका खासगी दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतली. मग विचारलं, "काय चावलं?"

रिक्षात मी एकच विचार करत होते. केस झाली, पोलीस चाळीत आले, तर नवऱ्याचा कंत्राटदार त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवेल. मी म्हटलं, "कुत्रा."

"कुत्रा नाय, आई, आपलं..." पोरगी बोलायला लागली. मी तिचा दंड दाबला. जोरात दाबला. ती गप्प झाली.

"घरचा की रस्त्यावरचा? त्याला इंजेक्शनं दिलीत?"

"घरचा. दिलीत."

डॉक्टरांनी मुलीला रेबीजची लस दिली. म्हणाले, "घरचा आहे, लस दिलेला आहे, तर जखमेत टोचायच्या सीरमची घाई नको. पण कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. तो मेला किंवा पळाला तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. आणि ताई, हे कुत्र्याचं सांगतोय. रानातल्या जनावराला हा हिशेब लागू नाही."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. मी नुसती मान हलवली.

घरी नवऱ्यालाही मी कुत्राच सांगितला, बाहेरचा, गल्लीतला. मुंगूस पोरीची जखम चाटेल म्हणून कोंडलंय, म्हटलं. तो गल्लीतल्या कुत्र्यांना शिव्या देत राहिला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

मंगळवारी सकाळी जाळी कुरतडलेली होती आणि खोका रिकामा. मी कामावर गेले नाही. दिवसभर नाल्याच्या कडेने, शेडच्या पायाच्या खड्ड्यांतून, काटेरी झुडपांत वाकून त्याला हाका मारत फिरले. हातात अंडं होतं. मजूर हसत होते. "क्या ढूँढ रही हो, भाभी?" मी सांगितलं, मांजर. मला ते जिवंत सापडायला हवं होतं, आणि दहा दिवस जिवंत राहायला हवं होतं. डॉक्टर जे म्हणाले होते ते कानांत होतं, तरी मी मनाशी तोच दहा दिवसांचा हिशेब धरून बसले होते. दुसरं धरायला काही नव्हतं.

बुधवारी दुसऱ्या इंजेक्शनला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा बरा आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

परतताना गावाच्या वळणावर एक मुंगूस मेलेलं पडलं होतं. टँकरखाली आलं असावं. मुलीला पुढे पाठवून मी तिथे उकिडवी बसले. चार महिने ते माझ्या हातून प्यायलं होतं, माझ्या मांडीवर झोपलं होतं. आणि मला ओळखता येईना ते आमचं की दुसरं कुठलं. सगळी मुंगसं तशीच दिसतात. मी शेपटीकडे बघितलं, कानांकडे बघितलं. काहीच सांगता येईना. हात लावायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी दुपारी घरमालकीण मावशी तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि सगळं बोलून टाकलं. कोणाला तरी सांगितलं नसतं तर मी वेडी झाले असते.

मावशीने सूप खाली ठेवलं. "डाक्टरला कुत्रा म्हनून सांगतलंस?"

"हो."

"आनि पोरीच्या बापाला?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ऊठ," ती म्हणाली. "तुला पोलीस नेतील तं नेतील. आमी हाय इथं पोरीला बघायला. पन पोरगीच नाय रायली तं कोनाला बघू? ऊठ गो, चप्पल घाल."

ती स्वतः माझ्याबरोबर आली. डॉक्टरांपुढे उभी राहून मी सांगितलं. कुत्रा नव्हता, मुंगूस होतं, पळालं, आणि काल मी तुमच्याशी परत खोटं बोलले. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटांवर मोजलं.

"रविवारी पहिली लस. आज पाचवा दिवस. सात दिवसांच्या आत सीरम देता येतं. आत्ताच्या आत्ता पालघरच्या सरकारी दवाखान्यात जा." त्यांनी फोन करून तिथे सीरम असल्याची खात्री केली आणि चिठ्ठी लिहिली. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "बाई, मी पोलीस नाही हो."

शाळेतून मुलीला उचललं, एसटीने आम्ही तिघी पालघरला गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझ्याकडे न बघता मुलीला जवळ घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाळा, कोण चावलं गं?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी पाठ केल्यासारखं म्हणाली, "कुत्रा. घरचा. त्याला इंजेक्शन दिलंय."

मी तिच्यापुढे खाली बसले. "नाही गं," म्हटलं. "मुंगूस होतं ना? आई खोटं बोलली होती. सांग त्यांना, खरं सांग."

"मग पोलीस?" तिने विचारलं. म्हणजे रिक्षात मी पुटपुटत होते ते तिने ऐकलं होतं.

सीरमच्या सुया जखमेच्या कडेकडेने गालात टोचल्या. मी तिचं डोकं धरलं होतं, मावशीने पाय. ती किंचाळली, आणि ती किंचाळतेय याचंच मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो ओरडला नाही. "चार दिवस," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. पुढच्या इंजेक्शनांना तोच तिला घेऊन जायचा.

डॉक्टर म्हणाले, सगळं वेळेत झालं, आता भीती नाही. पण भीती कोणाच्या सांगण्याने जात नाही. रेबीज झालेल्याला पाणी गिळता येत नाही, असं मी ऐकलं होतं. पुढे कित्येक महिने मुलगी पाणी प्यायला लागली की मी हातातलं काम टाकून तिच्या घशाकडे बघत बसायचे. एकदा तिला ताप आला आणि तिने पाण्याचा पेला ढकलून दिला. नवऱ्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं. टॉन्सिल सुजल्या होत्या. डॉक्टरांना मी तीनदा विचारलं, आणि त्यांनी तिन्ही वेळा न कंटाळता सांगितलं.

आता ती अकरा वर्षांची आहे. गालावरची खूण केसांत झाकली जाते. हल्ली कुठे काही मोडलं, हरवलं, तर ती आधी माझा चेहरा बघते, मग उत्तर देते. लस देऊन वाचवलेल्या पोरीत हे मी घातलंय. याला काय करावं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.