तीनशे चाळीस क्रमांकाची ओळ

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत कारकून होतो. कापसाच्या तंतूची लांबी आणि ओलावा यांचे आकडे लिहायचे. आकड्यांत चुकत नाही म्हणून मला तीन आठवडे नागपूरला संगणक शिकायला पाठवलं. परतलो तो गिरणीचा प्रोग्रामर होऊन.

कापसाच्या कोणत्या लॉटच्या किती गाठी एकत्र लावायच्या, ते माझा प्रोग्राम सांगायचा. प्रमाण चुकलं की सूत तुटतं आणि अख्खी पाळी धागे जोडत राहते. प्रोग्रामच्या एकशे बारा ओळी होत्या; त्यांचे क्रमांक दहा, वीस, तीस असे दहादहाने वाढत जायचे. एकशे अकरा मला समजत होत्या. तीनशे चाळीस क्रमांकाची ओळ शिक्षकांनी सांगितली तशी उतरवून घेतली होती. वर्गात सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.

सुरुवातीला रोज तेच गणित मी लपून हाताने करून पाहायचो. दिवाळीनंतर लॉट सहाचे एकोणीस झाले आणि ते जमेना. आता तपासणारा एकच उरला, गाठी लावणारा म्हातारा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम. तो चिमूटभर कापूस बोटांत ओढून बघायचा आणि कधीकधी माझ्या कागदावरची एखादी गाठ गुपचूप बदलायचा.

तो निवृत्त व्हायला आला. मॅनेजर म्हणाले, "त्यांच्या जागी माणूस नको. संगणक आहे, तुम्ही आहात."

मी जॉबरला गाठलं. "काका, त्यातली एक ओळ मले समजत नाई."

"एकच? मले तं त्या डब्ब्याचं बटनही समजत नाई."

"हसू नका. तुमी गेल्यावर चुकलं तं?"

त्याचं हसू गेलं. "मंग माह्यापाशी काऊन आला? सायबाले सांग. मी हाओ तोवर सांगजो."

मी सांगितलं. मॅनेजरांनी मान वर केली नाही. "तुम्हाला समजत नाही, तर इथे कुणाला समजतं?"

ती ओळ काढून पाहिली. उत्तर तेच आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ती कोणत्या दिवसासाठी ठेवली आहे, हे कळेना. परत घातली.

महिनाअखेरीस जॉबर निवृत्त झाला. एक तारखेला छापील कागद घेऊन खाली गेलो. चार गडी पहिल्या गाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे होते. मी चिमूटभर कापूस काढून बोटांत ओढला. काहीच कळलं नाही.

"लावा," मी म्हणालो.