अश्विनीचा क्रम

अश्विनीचं नाव हजेरीपटावर पहिलं. अ-नं सुरू होतं म्हणून, दुसरं काही नाही. तरी रोज पहिलं तेच पुकारलं गेलं की मला टोचतंच.

देवळाली प्रवराहून एसटीनं येते. एवढ्या गर्दीतून येऊनही साडीची निरी मोडलेली नसते. डब्यात खाली भाजी, मध्ये भाकरी, वर चटणी. कधी फरक नाही.

सावेडीतल्या आमच्या संस्थेसाठी आम्ही दोघी गावोगाव फिरून पाण्याबद्दल प्रश्न विचारायचो. यंदा आलेली उत्तरं संगणकावर लावायलाही शिकलो. आता दोघींतली एकच ऑफिसात पंख्याखाली बसणार, दुसरी उन्हातच फिरणार. ती खुर्ची मला हवी होती. देवापाशी मागितलीही होती.

ती कुणाला द्यायची ते ठरवायला संस्थेच्या सूर्यभान सरांनी दोघींना कोल्हार गावची उत्तरं देऊन तक्ते मागितले. पहिला प्रश्न, पाणी कसं आहे? अश्विनी क्रम टाइप करत बसली: आधी वाईट, मग बरं, मग चांगलं, मग उत्तम.

"अगं, एवढं हुशार मशीन, त्याला कळत न्हाई व्हय?"

"त्याला ते नुसते शब्द, जास्मिनताई. लहान-मोठं आपणच सांगायचं."

मी काहीच सांगितलं नाही. माझा तक्ता उत्तमपासून वाईटापर्यंत सरळ उतरला. "बघ," म्हटलं, "तुझं अजून टायपिंगच चाललंय!" मनात येशूचे आभारही मानले.

दुसरा प्रश्न, पाणी उकळून पिता का? माझा तक्ता बघून सरांनी चष्मा कपाळावर सारला. "कधीच नाही, क्वचित, नेहमी, आणि शेवटी बऱ्याचदा? जास्मिनबाई, तुमच्याकडं नेहमीपेक्षा बऱ्याचदा मोठं असतं का?"

अश्विनीच बोलली, अगदी हळू. "सर, क्रम दिला नाही की ते मुळाक्षरांप्रमाणे लावतं. क, न, ब. ताईंचा पहिला तक्ता उ, च, ब, व असा नशिबानं सरळ आला."

म्हणजे माझं बरोबर आलेलं होतं, तेही गेलं.

खुर्ची तिला मिळाली. मी कोल्हारला निघाले की पंख्याखालून विचारते, "ताई, पाण्याची बाटली घेतली ना?" खरंच काळजीनं विचारते. त्यानं मी आणखी जळते.

रविवारी चर्चमध्ये मी तिच्यासाठी न चुकता प्रार्थना करते. आई, भाऊ जॉन, शेजारची मेरी, मेरीची आजारी गाय, मग अश्विनी. मुळाक्षरांवर सोडलं तर तिचं नाव इथंही पहिलं येईल. म्हणून हा क्रम मी स्वतः दिलाय.