बाहेरचं आत येत नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. टेबलाखालच्या जुन्या केबल आणि गिऱ्हाइकांचे किस्से. केबल निदान दिवाळीला भंगारवाल्याला देता येतात. किस्से कोण घेणार? म्हणून चहाला येईल त्याला आम्ही ते फुकट ऐकवतो. तुम्ही आलाच आहात तर बसा.

आमचं दुकान सात रस्त्याला, पहिल्या मजल्यावर. मी, इरफान आणि नागनाथ असे तिघं. पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे गाडी काढून पळायचो, आता निम्मं काम इथूनच होतं. त्यांचा स्क्रीन आमच्या स्क्रीनवर दिसतो आणि बसल्या जागेवरून त्यांचा माउस हलवता येतो. अडचण एकच, फायरवॉल. हा म्हणजे कॉम्प्युटरचा वॉचमन. बाहेरून कोणी आलं की दारातूनच परत पाठवतो, पण आतलं माणूस बाहेर निघालं तर त्याला काही विचारत नाही. मग आम्ही उलटं करतो. आम्ही जात नाही, गिऱ्हाइकालाच आमचा नंबर टाकून तिकडून जोडायला सांगतो. ऐकायला सोपं आहे. पण सांगायचं कोणाला, ते पण बघा ना!

*

जेऊरच्या एक मावशी. मुलानं घरी कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यावर त्या बचत गटाचं काम करतात. एकदा प्रिंट निघेना म्हणून फोन आला. इरफान समजावून सांगायला लागला, "मावशी, तुमचा कॉम्प्युटर बाहेरचं काही आत येऊ देत नाही."

मावशींनी आवाज खाली आणला.

"बाहेरचं?"

"हां, बाहेरचं. कितीही जोर लावला तरी आत घेत नाही."

इरफानच्या डोक्यात कनेक्शन, मावशींच्या डोक्यात भूतबाधा. "मग लई गुणाचा हाय की," मावशी म्हणाल्या. "हात लावू नका तुमी त्याला. प्रिंटचं बगू मागनं." आणि फोन बंद.

संध्याकाळी पुन्हा फोन. "आवं, शेजारीण इचारतीया, तसला कॉम्प्युटर कुटं मिळतो?"

*

मल्लेशम काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. एप्रिलच्या दुपारी तिथला कॉम्प्युटर अडकला. इरफाननं नंबर सांगितला, काकांनी तो बिनचूक टाकला, जोडणी झाली. इरफान खुशीत म्हणाला, "काका, आता तुमचं सगळं दिसतंय मला."

"अरे थांब थांब!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं काका परतले. "हां, आता बघ. शर्ट घातला."

काकांच्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. पण इरफान पडला मुलखाचा सभ्य. तो म्हणाला, "शर्ट चांगला आहे, काका."

तेव्हापासून काका भांग पाडून फोन करतात. मागच्या खेपेला तर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरसाठी फोन लावला. मागून काकूंचा आवाज, "आत्ताच दाखवू नका हो त्याला, वरची जळमटं काढायची राहिलीत."

*

सगळा दोष गिऱ्हाइकाचाच असतो असं नाही. एका बेकरीवाल्यांना मी स्वतः नंबर सांगत होतो. आकड्यांच्या मध्ये डॉट असतो. माणूस जुन्या वळणाचा, म्हणून मी डॉट न म्हणता अस्सल मराठीत ‘टिंब’ म्हणालो. काही केल्या जोडेना. शेवटी म्हटलं, काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

त्यांनी आकडे वाचले आणि मग म्हणाले, "टी, आय, एम, बी."

मी नंबरचा कागद खाली ठेवला. तेच काळजीनं म्हणाले, "स्पेलिंग चुकलं का साहेब? टीम्ब लिहू का, दोन ई टाकून?"

*

आता नागनाथचं ऐका.

नागनाथ कामाला वाघ, बोलायला मुका. गिऱ्हाइकाला ‘हां’ आणि ‘झालं’ एवढे दोनच शब्द मिळायचे. मोहोळच्या मोटार-पाइपांच्या दुकानाचं काम त्याच्याकडे होतं. तिथं बिलं करायला मालकांची मुलगी बसते, वैशाली. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात.

मोहोळच्या कॉम्प्युटरला काय झालं होतं देव जाणे. नागनाथ आज फायरवॉल आमच्यापुरता बंद करून द्यायचा, आम्हाला आत यायला वाट करून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो परत चालू, वाट बंद. मग वैशालीचा फोन. "नागनाथ सर, परत आत येता येईना का तुमाला? मीच जोडते हितनं." नागनाथ म्हणायचा, "हां." ती जोडायची, तो दुरुस्त करायचा. सकाळी परत तेच. फोन मात्र दिवसेंदिवस लांबत चालला, आणि आमचा मुका आता "पाऊस हाय का तिकडं" असंसुद्धा विचारायला लागला.

मला काळजी दुकानाच्या नावाची. रोज तेच दुखणं म्हटल्यावर अण्णा काय म्हणतील? आम्हाला काम येत नाही असंच ना? एके दिवशी मी ठरवलं, आता मोहोळचं काम इरफानला द्यायचं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तोंडानं न बोलता नागनाथला मेसेज टाकला, ‘उद्यापासून मोहोळ इरफान बघेल.’

नागनाथ तेव्हा मोहोळच्याच स्क्रीनवर होता. मेसेज त्यानं कॉम्प्युटरवरच, बाजूच्या खिडकीत वाचला. चेहरा उतरला, तो मला काउंटरवरून दिसला. मग मान खाली घालून त्यानं टाइप करायला सुरुवात केली. त्याला कीबोर्डकडे बघूनच टाइप करता येतं. मी मोबाइलकडे बघत बसलो, पण उत्तर काही येईना.

"दादा," इरफान हळूच म्हणाला, "जरा इकडं या."

मी गेलो. स्क्रीनवर वैशालीचं अर्धवट बिल उघडं होतं. दोन इंची पाइप, एल्बो, सोल्युशनचा डबा. आणि त्याखाली, मालाच्या रकान्यात, ‘दादा पाया पडतो, मोहोळ इरफानला देऊ नका. तिचा आवाज ऐकल्याबिगर माजा दिवस जात न्हाय.’

कर्सर कुठल्या खिडकीत आहे ते बघायचं राहिलं होतं. मला लिहिलेलं सगळं मोहोळला उमटलं होतं!

नागनाथनं वर बघितलं आणि त्याचे हात कीबोर्डवरच राहिले. वैशालीचा फोन स्पीकरवर चालूच होता. तिकडून अण्णांचा आवाज आला, "काय गं, झालं का बिल? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"होतंय, अण्णा," वैशाली म्हणाली. आवाजावरून काही म्हणजे काही कळेना.

मग आमचा हात नसताना स्क्रीनवरचा कर्सर हलला. ओळीच्या शेवटी जाऊन थांबला आणि एकेक अक्षर पुसत मागे यायला लागला. ‘न्हाय’ गेलं, ‘दिवस’ गेला, ‘आवाज’ गेला. ‘दादा’सुद्धा गेला. रकाना रिकामा झाला. नागनाथनं डोळे मिटून घेतले. इरफाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि त्या रिकाम्या रकान्यात सावकाश अक्षरं उमटायला लागली.

‘फायरवॉल रोज सकाळी मीच चालू करते की.’