लायसन कोणाचं?

खोक्याचं झाकण ठोकण्याआधी मामा त्यावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि आत वाकून विचारायचे, "कोन ऱ्हायलंय काय रं आत?" मग खिळे. हा विनोद ते दिवसातून दहा वेळा करत आणि दहाही वेळा स्वतःच हसत.

बहारीनमध्ये परदेशी लोकांचं सामान बांधून त्यांच्या देशी पाठवणारी आमची कंपनी होती. मामा तिथे पॅकिंगचे मुकादम. गुहागरकडचे. त्यांना सगळेच मामा म्हणत, केरळी मॅनेजरसुद्धा. मी पॅकिंग लिस्ट टाइप करायचो आणि बी.कॉम. बाहेरून करत होतो. आमच्या घरात कॉलेजचं नाव घेणारा मी पहिलाच, त्यामुळे त्या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान होता. मामांना तो कळायचा. "यल्ला, चल, कालेज, लिव," असं म्हणत ते सामान सांगायचे. "आत काय हाय ताच लिव. गालिचा तर गालिचा, फुटका तर फुटका."

मामांना वाचता यायचं ते मराठी, तेही सावकाश. इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे धरायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हिवाळ्यात महिनाभर इकडे आणायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठीचा व्हिसाचा अर्जही मीच लिहिला होता. "लगीन झाल्यापासनं ती गुहागरातनं समुद्र बगत्येय," ते म्हणाले होते. "एकदा ह्या बाजूनं दाखवतो." मॅनेजर कंपनीचं पत्र द्यायला कबूल झाला होता. मामा त्या पत्राची वाट बघत होते.

त्याच दिवसांत जुफैर भागात राहणारा एक अमेरिकन साहेब कायमचा परत निघाला. सामानात त्याचं स्वतःचं पिस्तूल होतं. इथल्या पोलिसांचा परवाना, नेण्या-आणण्याचे कागद, सगळं होतं. पण पिस्तूल त्याने तिकडच्या एका मित्राला विकलं होतं, आणि मित्र राहायचा दुसऱ्या राज्यात. ते एक खोकं थेट मित्राच्या पत्त्यावर पाठवा, असं साहेबाचं म्हणणं. सोबत त्याने नियमांचं पत्रक दिलं आणि मित्राच्या परवान्याची झेरॉक्सही.

मामांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. मी वाचून मराठीत सांगितलं. साध्या माणसाने विकलेलं पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या साध्या माणसाला पाठवता येत नाही; लायसनवाल्याला मात्र पाठवता येतं. "आणि हा मित्र लायसनवाला आहे," मी झेरॉक्स दाखवली.

आमच्या साताऱ्याकडे लायसनवाला म्हणजे ज्याच्या घरी डुकरं हाकायची बंदूक आहे तो. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

मामा मात्र कागदाकडे बघत राहिले. "लायसन कोनाचं रं? मान्साचं का दुकानाचं?"

"म्हणजे?"

"आमच्या चुलत्याकडं बारा बोरची बंदूक हाय. लायसन हाय. तरी ती दुकानातनं आनावी लागली. दुकानवाल्यानं वहीत लिवली, मग दिली. पोस्टानं नाय आली." त्यांनी झेरॉक्स उलटून बघितली. "मॅनेजरला इचारू काय?"

आता आठवलं की मला माझाच राग येतो. मी म्हणालो, "मामा, इंग्रजी मला येतं."

मामा हसून म्हणाले, "येतं बाबा, येतं." त्यांनी खोक्यावर टकटक केलं, आत कोणी राहिलंय का विचारलं आणि मी टाइप केलेल्या लिस्टवर सही केली.

दीड महिन्याने टेलेक्स आला. तिकडच्या बंदरात खोकं अडकवलं होतं. पत्रकातला लायसनवाला म्हणजे बंदुका विकणारा परवानाधारक दुकानदार. पिस्तूल आधी मित्राच्या राज्यातल्या अशा दुकानदाराकडे जायला हवं होतं, त्याने तपासून, नोंद करून मग मित्राला द्यायचं. मामांच्या चुलत्याच्या बंदुकीसारखंच. पिस्तूल जप्त झालं आणि साहेबाचं बाकीचं सामानही अडकलं.

मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. लिस्ट टेबलावर होती. "मामा, ये साइन किसकी है?"

"मेरी है साब."

"पेपर किसी से पढ़वाया नहीं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, हे मला तेव्हाही कळलं. "हमको लगा समझ गया," ते म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. माझा व्हिसा, माझी परीक्षा, घरी काय सांगू, असं सगळं डोक्यात आलं आणि मी बोललो नाही. वहिनींसाठी यायचं ते पत्र आलं नाही. मामांचा व्हिसा रद्द झाल्याचं पत्र आलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "खलास. अभ्यास कर."

पुढच्या वर्षी परीक्षेसाठी देशात आलो आणि धीर करून गुहागरला गेलो. मामांना खरं सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. मामा पावसाळ्यात वारले होते. मला कोणी कळवलं नव्हतं, कोण कळवणार?

वहिनींनी चहा दिला. मी कंपनीतला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "त्यो कालेजवाला तूच काय? तुझं लय सांगायचे. पोरगा कागद येकदम बरोबर वाचतो म्हनायचे."

मी कप खाली ठेवला. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला म्हणत होतो.

वहिनी आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक पासपोर्ट घेऊन आल्या. कोरा. एकाही पानावर शिक्का नाही. "ह्यो माजा. त्यांनी काडायला लावला व्हता. वाच बगू, किती दिस चालतोय."

मी तारीख दोनदा वाचली.

"अजून आठ वर्षं चालेल, वहिनी," मी म्हणालो.