डावखुरा पिचर

पेनसिल्व्हेनियात पीएचडी करत असताना मी एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. माझ्या आधी तिथे बेसबॉलचा एक डावखुरा पिचर राहायचा. पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर, एवढं मला समजत होतं. मोठ्या संघांनी निवडलेली होतकरू पोरं आधी छोट्या गावांतल्या दुय्यम संघांत खेळतात आणि एकेक पायरी वर चढतात. हा पहिली पायरी चढून दुसऱ्या गावी गेला होता.

बाईंची नजर अधू झाली होती. नाश्त्याच्या वेळी पेपरच्या बारीक टाइपातले त्याचे आकडे मीच वाचून दाखवायचो. तो चांगला खेळला असला, की त्या मला आणखी एक पॅनकेक वाढायच्या.

उन्हाळ्याच्या मध्यावर त्याचं नाव येईनासं झालं.

"नीट बघ, खाली कुठेतरी असेल," त्या म्हणायच्या. मी पुन्हा बघायचो.

शेवटी त्यांनी संघाच्या ऑफिसला फोन लावला. कोपर दुखावलं म्हणून त्याला सोडून दिलं होतं.

पानगळीत तो स्वतःच आला. घरी परतताना वाटेत थांबला होता, भावाच्या गॅरेजमध्ये काम करणार होता. बाईंनी त्याला जेवायला बसवलं.

"अजून दुखतं का रे?"

"नाही. फक्त बॉल टाकताना."

मग त्याने मला विचारलं, वरची खिडकी अजून अडकते का. मी हो म्हणालो. जेवण झाल्यावर त्याने गाडीतून हत्यारं आणली आणि ती दुरुस्त करून दिली.