सीटखालची फळी

मंडळी, आज मी एक चूक करता करता वाचलो.

इंग्लंडमधल्या एका गावच्या चर्चची मध्ययुगीन लाकडी आसनं आमच्या दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात पडून आहेत. एका हॉटेलसाठी मागवलेली. मंदी आली, प्रोजेक्ट खलास.

आता ती एका रेस्टॉरंटला हवीत. सीट वर उचलली की खाली एक छोटी कोरीव फळी दिसते. खाली फ्रेम बसवताना ती मध्ये येत होती. आमचे सुतार दाऊदभाई, मूळचे रत्नागिरीचे. त्यांना म्हटलं, "कापून टाका."

त्यांनी करवत बाजूला ठेवली. सीट उचलली आणि उभ्याउभ्याच त्या फळीवर अलगद टेकले.

"साहेब, लांबून बघा. बसलोय की उभा आहे?"

"उभे आहात."

"मग ही म्हाताऱ्यांसाठी. उभ्यानं प्रार्थना करून गुडघे दुखत असणार त्यांचे."

घरी येऊन नेटवर शोधलं. अगदी तेच! त्या फळीच्या लॅटिन नावाचा अर्थच 'दया'.

फळी वाचली. पण कमी करायच्या माणसांची यादी उद्या मला एचआरला द्यायची आहे, आणि तिच्यात साठीचे दाऊदभाई आहेत.

तुम्ही काय केलं असतं?