गाळलेले सहा अध्याय

चर्चच्या पाळकांपुढं नाही, बायकोपुढं नाही, आणि — हे लिहितानाच हात अडतो — प्रार्थनेतसुद्धा मी ही गोष्ट कधी शब्दांत मांडली नाही. देवाला ठाऊकच आहे, मग त्याला वेगळं काय सांगायचं, अशी स्वतःची समजूत घालत आलो. तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी केडगावचा. कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजणं हे माझं काम आणि स्वभावही. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे साडेपाचला मी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचून पाठवतो आणि त्यावर तीन-चार मिनिटं मनन बोलतो. ही गोष्ट घडली त्या वर्षी संदेष्ट्यांची पुस्तकं घेतली होती. यशयापासून मलाखीपर्यंत अडीचशे अध्याय, अडीचशे दिवस. खाडा नाही, उलटापालट नाही. आमच्यात ओळीनं आलेल्या अध्यायाला वेगळं वजन असतं. निवडून वाचलं तर ते वाचणाऱ्याचं मत — ओळीनं आलं तर देवाचं बोलणं. हे कुणी शिकवलेलं नाही, पण सगळेच तसं मानतात. मीही मानत होतो.

रत्नामावशी मंडळीतली विधवा बाई. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं वाचणं बंद. माझ्या आवाजातलं ऐकायची. ग्रुपवर पहिलं ‘आमेन’ तिचंच, तेही बोलून पाठवलेलं. जीभ मात्र तिखट. एका रविवारी उपासनेनंतर चहा चालला होता, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, “भाऊ, तुमचं मनन म्हंजी यष्टीचं टाइमटेबल. समदं बराबर लिवल्यालं, पन गाडी काय येत न्हाई.”

सगळे हसले. माझी बायकोही हसली.

तेवढंच. दुसरं काही नाही. तुम्हाला वाटेल, पुढं जे झालं त्याला याहून मोठं कारण असेल. मीही शोधलं. नाही सापडलं.

मावशीची एकुलती एक मुलगी, स्नेहल. ती केंदूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करणार होती. हिंदू घर, माणसं साधी. गुरुवारी शिरूरला नोंदणी होती. मावशी आठवडाभर रडली, आणि मग तिनं ठरवलं — जायचं. माझी बायको तिच्यासोबत जाणार होती. बायकोनं मला बुधवारी सांगितलं, मावशीनं साडी इस्त्री करून ठेवलीय, जावयाला टॉवेल-टोपी घेतलीय. मला त्या मुलाबद्दल काही आक्षेप होता का? नव्हता. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे धर्माच्या आड लपायला मला जागा राहणार नाही.

बुधवारी जखऱ्याचा नववा अध्याय झाला होता. गुरुवारी दहावा यायचा. मलाखीचा दुसरा अध्याय — परक्या देवाच्या मुलीशी सोयरीक केली म्हणून संदेष्टा यहूदावर कडाडतो तो — सहा दिवस पुढं होता. जखऱ्याचे उरलेले पाच, मलाखीचा पहिला. सहा. मी ते सहा गाळले. कुणाच्या लक्षात येणार होतं? मंडळीत मोजणारा मी एकटाच.

गुरुवारी साडेपाचला मलाखीचा दुसरा पाठवला. मनन फारसं केलं नाही. गरज नव्हती. खरं तर त्या दिवशी माझा आवाज चांगला लागला होता — हेही लिहायला हवं.

सातच्या सुमारास मावशी फाटकाशी आली. हातात फोन. आत येत नव्हती.

“भाऊ, ह्यो अध्याय आजच कसा आला? वळीनं आला, का तुमी काढला?”

तिनं विचारलं होतं. सरळ, तोंडावर. एका शब्दात सगळं परत फिरवता आलं असतं. मावशी, मी काढला — एवढंच म्हणायचं होतं. ती मला चार शिव्या देऊन दहाच्या गाडीनं शिरूरला गेली असती.

“वळीनंच आला, मावशी,” मी म्हणालो.

तिनं फोन पिशवीत टाकला. “मंग ऱ्हायलं,” म्हणाली आणि वळली.

ती गेली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. स्नेहल कोरेगाव भीमाला राहायला गेली, तिला मुलगी झाली. मावशीनं नातीला पाहिलं नाही. ‘देवानं दारात येऊन सांगितलं, मी कशी जाऊ?’ असं माझ्या बायकोला म्हणायची. आणि रोज पहाटे माझ्या अध्यायाला पहिलं आमेन तिचंच यायचं. चार वर्षं. मी रोज ते ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशीचा अध्याय काढायचो.

गेल्या वर्षी मावशी वारली. स्नेहल मातीला आली, मुलीला कडेवर घेऊन. दफन झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, काकूंनी सांगितलं मला. त्या दिवशी आईला वचनच तसं आलं होतं. तिचा तरी काय दोष? माझ्या मनात आता आईबद्दल काही नाही.”

म्हणजे आईला तिनं मोकळं केलं आणि दाराबाहेर ठेवणारा देव आहे, एवढं स्वतःपाशी ठेवलं. ते मला त्याच क्षणी कळलं. मी मान हलवली. मुलीच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला.

त्यानंतर कामानिमित्त तीनदा कोरेगाववरून गेलो. तिचं घर रस्त्यावरून दिसतं. थांबलो नाही.

गुरुवारचा खरा अध्याय जखऱ्याचा दहावा. त्यावरचं मनन मी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं. त्यात देव दूर विखुरलेल्या आपल्या माणसांना शीळ घालून बोलावतो, ती आपल्या लेकरांसकट परत येतात, इतकी की त्यांना जागा पुरत नाही. त्या सकाळी रत्नामावशीसाठी ओळीनं आला होता तो हा अध्याय. तो मी तिला वाचून दाखवला नाही.